आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : जुन्या स्पोर्ट्‌स कारला जादा ऑइल कूलर हवा का?

जुन्या यंत्रांवर जीव लावणाऱ्या मंडळींत काही वाद वर्षानुवर्षे चालतात आणि संपत नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांतल्या स्पोर्ट्‌स कारला जादा ऑइल कूलर बसवावा की नाही, हा त्यांपैकी एक. वरकरणी प्रश्न साधा आहे. एक लहानसा रेडिएटर, दोन नळ्या, चार सांधे आणि एका दुपारचे काम. तरीही या प्रश्नावर माणसे ज्या आवेशाने बोलतात, तो पाहता त्यांच्या मनात तेलापेक्षा वेगळे काहीतरी तापले असावे, अशी शंका येते.

साहित्य आणि समीक्षेच्या या पानावर मोटारीचे तेल कशाला, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, हा वाद मुळात अर्थनिर्णयाचा आहे. एखादी जुनी कृती आपल्या हाती येते. तिचा कर्ता आता हयात नसतो किंवा तिच्यापासून दूर गेलेला असतो. तिच्यात काहीतरी खटकते. ते खटकणे कृतीतला दोष आहे, काळाने चढवलेला मळ आहे, की आपल्या वाचनातली त्रुटी आहे, हे ठरवल्याशिवाय दुरुस्तीला हात घालायचा नाही, हे आपण वर्गात शिकवतो. मोटारीच्या बाबतीत मात्र हा विवेक क्वचितच दिसतो.

या वादात ढोबळमानाने दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, "लावून टाका. थंड ठेवलेले काय वाईट? झाला तर फायदाच, नुकसान काय?" दुसरा म्हणतो, "मूळ गाडीला हात लावू नका. कारखान्याला अक्कल नव्हती काय?" पहिल्याच्या बोलण्यामागे भीती आहे आणि दुसऱ्याच्या बोलण्यामागे भक्ती. दोघांनाही एक साधा प्रश्न विचारला, की तुमच्या गाडीतल्या तेलाचे तापमान प्रत्यक्षात किती असते, तर बहुधा दोघेही गप्प बसतात. माझे म्हणणे थोडक्यात असे : जादा कूलरची गरज गाडीच्या नावावरून, वयावरून वा मालकाच्या धास्तीवरून ठरत नाही. ती ठरते मोजलेल्या तापमानावरून, गाडीच्या आजच्या वापरावरून आणि उष्णता नेमकी कुठून येते याच्या निदानावरून. हे निदान न करता बसवलेला कूलर पुष्कळदा निरुपयोगी असतो आणि कधीकधी चक्क अपायकारक.

तेलाला खालचीही मर्यादा असते

"थंड ठेवलेले काय वाईट?" या प्रश्नातच पहिली गफलत आहे. इंजिनातले तेल फार तापले तर बिघडते, हे सर्वांना ठाऊक असते. ते पातळ होते, बेअरिंगमधला तेलाचा पापुद्रा क्षीण होतो, आणि ऑक्सिडेशनचा वेग वाढतो. दर दहा अंशांमागे हा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ठोकताळा आहे. (या लेखातले सर्व अंश सेल्सियसचे.) म्हणून खनिज तेल १३० अंशांच्या वर दीर्घकाळ राहू देऊ नये, हे रास्तच आहे.

पण तेल पुरेसे तापले नाही तरी ते बिघडते, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. एक लिटर पेट्रोल जळले की अंदाजे एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफेच्या रूपाने धुराड्यातून बाहेर पडते, पण थोडी वाफ पिस्टनच्या कड्यांमधून निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरते. तिच्याबरोबर न जळलेले पेट्रोलही उतरते. तेल ८० ते १०० अंशांपर्यंत तापून काही वेळ तसेच राहिले तर हे पाणी आणि पेट्रोल उडून जाते. तेल ६० अंशांवरच घुटमळले तर ते आतच राहते, आम्ले तयार होतात, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट, लोण्यासारखा थर साचतो. तो थर पाहून घाबरलेला मालक हेड गॅस्केट गेले असे समजून खर्चात पडतो, ते निराळेच.

घट्टपणाचा मुद्दाही आहे. या गाड्यांत सर्रास वापरले जाणारे २०डब्ल्यू-५० प्रतीचे तेल १०० अंशांना जितके पातळ असते, त्याच्या सुमारे आठ-नऊ पट घट्ट ते ४० अंशांना असते. घट्ट तेल ढकलायला ताकद लागते, ते अरुंद वाटांतून सावकाश जाते, आणि प्रेशर गेजचा काटा मात्र ऐटीत वर राहतो. काटा वर आहे म्हणजे इंजिन सुखात आहे, असा अर्थ लावून मालक निश्चिंत होतो. काटा वर का आहे, हे तो विचारत नाही.

म्हणजे इंजिनातल्या तेलाला ज्वर जसा वर्ज्य, तसा गारठाही वर्ज्य. साधारण ८० ते ११० अंश हा त्याच्या आरोग्याचा पट्टा. कूलरचा विचार करायचा तो तेल या पट्ट्यात आणण्यासाठी आणि पट्ट्यात ठेवण्यासाठी. शक्य तितके थंड करणे हे ध्येयच चुकीचे आहे.

एमजीबी : बदललेल्या वापराची गोष्ट

आता एक ठोस उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही जगातल्या सर्वाधिक जपल्या गेलेल्या जुन्या स्पोर्ट्‌स कारांपैकी एक. पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे. आरंभी त्याच्या क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगे होती. १९६४ च्या अखेरीस ती पाच झाली. त्याच सुमारास, तोवर इंग्लंडातल्या गिऱ्हाइकाला ऐच्छिक असलेला ऑइल कूलर सरसकट सर्व गाड्यांना मिळू लागला.

कारखान्याने कूलर दिला, म्हणजे तो आवश्यकच होता, असा युक्तिवाद इथे केला जातो. पण कारखान्याने तो कोणत्या जगासाठी दिला, हे पाहायला हवे. ब्रिटनमध्ये ताशी ७० मैलांची मर्यादा आली ती १९६५ च्या डिसेंबरात. त्याआधीच्या मोटरवेवर वेगाला बंधनच नव्हते. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या एमजीबीत ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे ३९०० फेरे घेते. त्याहून वेगाने तासन्‌तास जायचे म्हटले तर पाच हजारांच्या आसपास. शिवाय ही गाडी १९६३ ते १९६५ अशी तीन वर्षे ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली होती. अशा वापरात बेअरिंगांमध्ये घर्षणाने निर्माण होणारी उष्णता तेलालाच वाहून न्यावी लागते, आणि कूलर आपले काम चोख बजावतो.

आज हीच गाडी काय करते? रविवारी सकाळी निघते, वीस-पंचवीस मैलांवरच्या गावात चहा पिते आणि परतते. बाहेरची हवा इंग्लंडातली, बारा-पंधरा अंशांची. एमजीबीच्या मूळ रचनेत ऑइल कूलरला थर्मोस्टॅट नाही. इंजिन सुरू झाल्या क्षणापासून सगळे तेल कूलरमधून फिरते. पाण्याला थर्मोस्टॅट आहे, म्हणून पाणी लवकर तापते आणि त्याचा काटा योग्य जागी येऊन थांबतो. तेलाचा काटाच नाही. डॅशबोर्डवर तेलाचा दाब दिसतो, तापमान दिसत नाही. त्यामुळे पाणी तापले की तेलही तापले, असा समज होतो. वास्तवात तेल पाण्याच्या बरेच मागे असते, आणि अशा छोट्या फेरीत ते आरोग्याच्या पट्ट्यात पोहोचण्याआधीच गाडी घरी आलेली असते.

असल्या गाडीला तेरा ओळींऐवजी एकोणीस ओळींचा मोठा कूलर बसवण्याचा सल्ला मिळतो, तेव्हा तो सल्ला १९६४ सालच्या गाडीला उद्देशून असतो. समोर उभी असलेली गाडी दिसायला तीच असली तरी तिचे आयुष्य वेगळे आहे. शब्द तोच राहून त्याचा अर्थ बदलावा, तसे हे आहे. माझ्या मते, समशीतोष्ण हवामानात सामान्य वापरातल्या एमजीबीला जादा थंडाव्याची गरज नाही. काही करायचेच असेल तर मूळ कूलर तसाच ठेवून त्याच्या वाटेत ८०-८५ अंशांच्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट बसवावा. आणि लांब पल्ल्याच्या प्रवासाची हौस असेल, तर ओव्हरड्राइव्ह असलेली गिअरपेटी हा मोठ्या कूलरपेक्षा अधिक शहाणपणाचा उपाय. ताशी ७० मैलांना इंजिनाचे फेरे ३९०० वरून ३१०० वर येतात, म्हणजे उष्णता निर्माणच कमी होते. निर्माण झालेली उष्णता घालवण्यापेक्षा ती निर्माण न होऊ देणे केव्हाही चांगले.

पोर्शे ९११ : जिथे तेल हेच पाणी

आता उलट टोकाचे उदाहरण पाहू, नाहीतर माझा कल सरसकट कूलरविरोधी आहे असा गैरसमज व्हायचा. १९६३ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात ९०१ या नावाने मांडलेली आणि प्यूजोने हरकत घेतल्यावर ९११ झालेली पोर्शे ही गाडी १९९८ पर्यंत हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर चालली. हवेने थंड होणारी म्हणायचे, पण तिच्यात उष्णता वाहून नेण्याच्या कामाचा मोठा वाटा तेलाकडे आहे. इंजिनाखाली नेहमीचा सम्प नाही. तेल वेगळ्या टाकीत असते, आणि नंतरच्या गाड्यांत, पुढच्या कूलरसकट, त्याचे प्रमाण तेरा लिटरच्या घरात जाते. एमजीबीत ते पाच लिटरही नसते.

कारखान्याला तेलाचे हे महत्त्व ठाऊक होते, याचा पुरावा डॅशबोर्डवरच आहे : ९११ मध्ये तेलाच्या तापमानाचा स्वतंत्र काटा आहे. कर्त्याने ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायला सांगितले, ती त्याच्या लेखी महत्त्वाची होती, एवढे तरी यावरून निश्चित म्हणता येते.

या गाडीच्या बाबतीत कारखान्यानेच वेळोवेळी जादा थंडावा जोडला. मूळ कूलर इंजिनावर, पंख्याच्या झोतात. १९६९ च्या ९११ एस मध्ये इंधन-इंजेक्शन आले, ताकद १७० अश्वशक्तीवर गेली, आणि त्याबरोबर उजव्या पुढच्या मडगार्डखाली दुसरा कूलर आला. पुढे काही गाड्यांत तिथे नुसती वळवलेली नळी होती. तिच्या आकारामुळे तिला ट्रॉम्बोन म्हणतात. ऐंशीच्या दशकातल्या ३.२ लिटरच्या कॅरेरात तिची जागा जाळीच्या रेडिएटरने घेतली आणि अखेर त्याला विजेचा पंखाही मिळाला. या सर्व रचनेत एक थर्मोस्टॅट आहे, जो सुमारे ८५ अंशांपर्यंत पुढची वाट बंदच ठेवतो. म्हणजे थंडावा वाढवताना खालच्या मर्यादेचे भान कारखान्याने सोडले नाही.

म्हणून ट्रॉम्बोन असलेल्या ९११ चा मालक उष्ण प्रदेशात राहत असेल आणि काटा वारंवार १२० अंशांच्या पुढे जात असेल, तर त्याने पुढच्या काळातला कारखान्याचाच जाळीदार कूलर बसवणे मला योग्य वाटते. मूळ कृतीच्या कर्त्यानेच पुढच्या आवृत्तीत केलेली ही सुधारणा आहे. ती मागच्या आवृत्तीत आणणे म्हणजे प्रक्षेप नव्हे.

जिथे कूलरने रोग लपतो

परंतु याच ९११ च्या इतिहासात एक धडा आहे, जो कूलरवाद्यांनी विसरू नये. १९७४ ते १९७७ या काळातले २.७ लिटरचे इंजिन त्याच्या दुखण्यांमुळे कुप्रसिद्ध झाले. क्रँककेस मॅग्नेशियमचे, सिलिंडर आणि हेड ॲल्युमिनियमचे, आणि ते सारे घट्ट धरून ठेवणारे लांब स्टड पोलादाचे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सिलिंडर उंच होऊ पाहतात, स्टड त्यांना रोखतात, आणि सगळा ताण येतो मॅग्नेशियममधल्या आट्यांवर. मॅग्नेशियम मऊ, आटे उपटून येतात. त्यातच १९७५ पासून आधी कॅलिफोर्नियासाठी आणि १९७७ पर्यंत साऱ्या अमेरिकेसाठी, धूर शुद्ध करण्याकरिता धुराड्याच्या मार्गात थर्मल रिॲक्टर बसवले गेले. हेडच्या अगदी खाली जणू भट्टीच पेटवली गेली. थंड करणाऱ्या पंख्याची पातीही याच सुमारास अकरावरून पाचवर आली.

अशा इंजिनाच्या मालकाला तेल तापते म्हणून मोठा कूलर विकणे सोपे असते. काटा खरोखरच खाली येतो. पण रिॲक्टर तिथेच, पाच पात्यांचा पंखा तिथेच, मॅग्नेशियमचे आटे तिथेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ज्यांनी ही इंजिने खऱ्या अर्थाने वाचवली, त्यांनी जिथे कायद्याने मुभा होती तिथे रिॲक्टर काढले, अकरा पात्यांचा पंखा परत आणला, क्रँककेसमध्ये पोलादी इन्सर्ट घालून आटे पक्के केले. आणि जोडीला पुढचा कूलरही बसवला. क्रम महत्त्वाचा आहे. कारखान्याचे उत्तरही शेवटी धातू बदलण्याचेच होते : १९७८ च्या ९११ एससी मध्ये क्रँककेस ॲल्युमिनियमचे झाले.

सर्वसामान्य गाडीतही हेच लागू पडते. एखाद्या जुन्या इंजिनाचे तेल पूर्वी तापत नव्हते आणि आता तापू लागले, तर काहीतरी बिघडले आहे. इग्निशन टायमिंग मागे गेले असेल, मिश्रण विरळ झाले असेल, रेडिएटर गाळाने अर्धा बुजला असेल, फॅन बेल्ट सैल असेल, किंवा तेलाची पातळीच कमी असेल. पाण्याच्या इंजिनात तेलाची बरीच उष्णता अप्रत्यक्षपणे पाणीच नेते. तेव्हा पाण्याची व्यवस्था सुधारली की तेल आपोआप ठिकाणावर येते. या साऱ्याची तपासणी करण्याआधी कूलर बसवणे म्हणजे ताप उतरवणारी गोळी देऊन रोग्याला कामावर पाठवणे होय.

"नुकसान काय?"

या प्रश्नाचे उत्तर आता सविस्तर द्यायला हवे, कारण पहिल्या पक्षाचा सारा भार त्याच्यावर आहे.

ऑइल कूलर हा इंजिनाच्या दाबाखाली असलेल्या तेलाचा मार्ग गाडीच्या तोंडापर्यंत लांबवतो. प्रत्येक जादा सांधा ही गळतीची जागा, प्रत्येक जादा होज ही घासण्याची आणि फुटण्याची जागा. पाण्याची नळी फुटली तर वाफ दिसते, काटा चढतो, थांबायला वेळ मिळतो. तेलाची नळी फुटली तर दाब काही क्षणांत शून्यावर येतो, आणि चालकाच्या लक्षात येईपर्यंत बेअरिंगे गेलेली असतात.

दुसरे असे की, बहुतेक गाड्यांत कूलर पाण्याच्या रेडिएटरपुढे बसतो. त्यातून गरम होऊन निघालेली हवाच रेडिएटरला मिळते. मोठा कूलर तेल थंड करताना पाण्याचे काम अवघड करू शकतो.

तिसरे, जुना वापरलेला कूलर स्वस्तात घेण्याचा मोह. ज्या इंजिनाचे बेअरिंग एकदा गेले आहे, त्याच्या कूलरच्या बारीक वाटांत धातूचा कीस अडकून राहतो आणि तो धुऊन पूर्णपणे निघत नाही. तो कूलर नव्या इंजिनाला जोडणे म्हणजे पहिल्या इंजिनाचा रोग दुसऱ्याला टोचणे.

आणि चौथे, आधी सांगितलेला गारठा. थर्मोस्टॅटशिवाय लावलेला मोठा कूलर हिवाळ्यात तेलाला वर येऊच देत नाही.

दुसऱ्या पक्षालाही, म्हणजे मूळ रूपाच्या कैवाऱ्यांनाही, थोडे सांगायला हवे. मूळ रूप जपणे हे मोठे मूल्य आहे, याबद्दल दुमत नाही. जुन्या वाहनांच्या जतनासाठी 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने तयार केलेली तुरिनची सनद, वास्तुजतनासाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर, हेच मूल्य मांडते. पण जतनाच्या या विचारात एक व्यवहारी तत्त्व आहे : बदल करावाच लागला तर तो परत फिरवता येण्याजोगा असावा. मूळ छिद्रांवर बसणारा, पत्रा न कापता लावलेला आणि उद्या काढता येणारा कूलर या कसोटीला उतरतो. पुढचा पत्रा कापून, नवी भोके पाडून बसवलेला उतरत नाही. मूळ इंजिन फुटू देऊन मूळ रूप राखल्याचे समाधान मानणे हा मात्र भक्तीचा अतिरेक झाला.

मराठीच्या अभ्यासकाला इथे एकनाथांची आठवण होणे अपरिहार्य आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्यांनी मध्यंतरी पाठात भर घातली, त्यांचा हेतू वाईट होता असे मानण्याचे कारण नाही. आपण ग्रंथाला मदतच करतो आहोत, असेच त्यांना वाटले असणार. एकनाथांनी भरीला आणखी भर घातली नाही, आणि बिघडलेला पाठ पूज्य मानून तसाच राहूही दिला नाही. आधी दोष कोणता ते ठरवले, मग तेवढाच काढला. हा विवेक पोथीला लागू पडतो तसा इंजिनालाही लागू पडावा.

आपल्याकडचे हवामान आणि आपला कायदा

मराठी वाचकांत जुन्या मोटारींचे शौकीन आहेत, आणि त्यांचा रास्त आक्षेप असा असू शकतो की ऑक्सफर्डजवळची हवा आणि विदर्भातला मे महिना एक नव्हे. खरे आहे. कूलर किती उष्णता बाहेर टाकतो, हे तेल आणि हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकावर अवलंबून असते. तेल १०० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर फरक ८०. हवा ४० अंशांवर असेल तर ६०. म्हणजे तोच कूलर आपल्याकडे भर उन्हाळ्यात एकचतुर्थांशाने कमी काम करतो. त्यामुळे उष्ण प्रदेशात मोठ्या कूलरची बाजू बळकट होते, हे मान्य.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, आपल्याकडे गाडी तापते ती मुख्यतः रहदारीत, थांबत-थांबत जाताना. पंखा नसलेल्या कूलरला तेव्हा वाराच मिळत नाही. तो तापलेल्या तव्यासारखा नुसता समोर लटकत राहतो. तिथे रेडिएटर साफ करणे आणि त्याच्या पंख्याची व्यवस्था सुधारणे हाच इलाज. दोन, केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते, आणि अशी वाहने नित्याच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच आणता येतात. म्हणजे या वर्गातल्या गाडीचे आयुष्य छोट्या-छोट्या फेऱ्यांचेच असणार. तिच्या तेलाचा खरा शत्रू उन्हाळ्यातला ताप आहे की वर्षभरातली अर्धवट तापलेली फेरी, याचा विचार मालकाने शांतपणे करावा.

मग ठरवायचे कसे?

ठरवण्याची रीत कंटाळवाणी आहे, म्हणूनच ती कोणी सांगत नाही. आधी तेलाच्या तापमानाचा काटा बसवावा. सम्पच्या ड्रेन प्लगच्या जागी बसणारा सेन्सर मिळतो, गाडीला भोक पाडावे लागत नाही. मग गाडी आपण जशी चालवतो तशीच चालवावी : अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर, एखादा घाट, आणि एकदा रहदारीत. हे उन्हाळ्यात करावे आणि थंडीतही करावे. आकडे लिहून ठेवावेत, बाहेरच्या हवेच्या आकड्यासह.

तेल ८० ते ११० अंशांत राहिले तर काहीही करू नये. हे करणे सर्वांत अवघड असते. ८० च्या खाली राहिले तर आहे त्या कूलरला थर्मोस्टॅट लावावा. रहदारीत चढले आणि वाहत्या रस्त्यावर उतरले, तर दोष हवेच्या प्रवाहात शोधावा. पूर्वी चढत नव्हते आणि आता चढू लागले, तर इंजिन तपासावे. आणि सारे काही ठीक असूनही वेगाने वा घाटात दीर्घकाळ चालवल्यावर १२० च्या पुढे जाऊन तिथेच राहिले, तर जादा कूलर जरूर बसवावा : थर्मोस्टॅटसह, नवा, चांगल्या होजसह, आणि पत्र्याला हात न लावता.

जुन्या गाडीला काहीतरी करत राहणे, ही मालकाची गरज असते. गाडीची गरज असतेच असे नाही. तिच्यावरचे आपले प्रेम दाखवायला नवा सुटा भाग आणणे सोपे, आणि महिनाभर आकडे लिहिणे कठीण. पण तिची काळजी घेणे म्हणजे आधी ती काय सांगते आहे ते नीट वाचणे. असो. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत, त्यांनी आपले अनुभव जरूर मांडावेत. फक्त आकड्यांसह मांडावेत, इतकीच विनंती. आकड्यांवाचून मांडलेले अनुभव या वादात पुरेसे जमले आहेत.